एडवर्ड मुंक: मनातली भीती रंगवणारा चित्रकार

लालभडक आकाशाखाली दोन्ही हात गालांवर धरून घाबरून उभा असलेला माणूस तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. 'द स्क्रीम' हे ते चित्र १८९३ साली काढणारे नॉर्वेचे एडवर्ड मुंक स्वतः वर्षानुवर्षे चिंतेने त्रस्त होते.

मुंक पाच वर्षांचे असताना त्यांची आई क्षयरोगाने गेली. १८७७ मध्ये मोठी बहीण सोफीही त्याच आजाराने दगावली. आजारपण, मृत्यू आणि भीती हेच पुढे त्यांच्या चित्रांचे विषय झाले. १८९२ मध्ये बर्लिनमध्ये भरलेल्या त्यांच्या एकल प्रदर्शनावर इतका वाद झाला की ते आठवडाभरातच बंद झाले. तरीही मुंक रंगवत राहिले.

पण चित्रे काढल्यामुळे त्यांचा आजार बरा झाला, असे समजू नका. दारू वाढली, भास होऊ लागले. १९०८ मध्ये कोपनहेगनला डॉ. डॅनियल याकोबसन यांच्याकडे दाखल होऊन त्यांनी सुमारे आठ महिने उपचार घेतले. तिथेही ते चित्रे काढत होते; डॉक्टरांचेही त्यांनी काढले. त्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९४४ मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी निधन होईपर्यंत काम करत राहिले.

छंदाने मन हलके होते, पण तो उपचारांची जागा घेत नाही. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला सतत धडधड, भीती, झोप न लागणे असा त्रास होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. भारतात 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.