वायफायचा सिग्नल भिंतीपलीकडे कसा जातो? जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्येच दाखवले होते

तुमच्या वायफायचा सिग्नल शेजारच्या घरात का पोहोचतो? कारण रेडिओलहरी भिंतीतून जातात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये हेच दाखवले. भिंतीपलीकडची घंटा वाजली, बंदुकीची दारूही पेटली. त्याआधी प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय म्हणून त्यांना कमी पगार देऊ केला गेला. त्यांनी तीन वर्षे पगार घेतलाच नाही, शिकवत मात्र राहिले. अखेर थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला. पेटंटमध्ये त्यांना फारसा रस नव्हता, शोध खुले ठेवले. सोलापुरातल्या चाळीत किंवा अपार्टमेंटमध्ये राउटर मात्र खुला ठेवू नका! सोबत आलेला पासवर्ड बदला, सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२ निवडा. बोस पुढे वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात संशोधन संस्था उभारली. १९३७ मध्ये गिरिडीहला त्यांचे निधन झाले.