विल्यम मॉरिस

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील एपिंगच्या अरण्यात एक लहान मुलगा तट्टावर बसून हिंडत असे. त्याच्या अंगावर त्याच्याच मापाचे छोटेसे चिलखत असे. जुन्या काळच्या शूर सरदारांच्या कथांनी त्याचे मन भारून गेले होते. तो मुलगा म्हणजेच पुढे कवी, कारागीर व कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आलेले विल्यम मॉरिस होत.

मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडननजीक वॉल्थमस्टो येथे एका सधन कुटुंबात झाला. धर्मोपदेशक व्हावे या हेतूने १८५३ साली ते ऑक्सफर्ड येथे शिकावयास गेले. परंतु तेथे त्यांना कलेची व काव्याची गोडी लागली आणि तो विचार मागे पडला. १८६१ साली त्यांनी मित्रांसह गृहशोभेच्या वस्तू बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी रेखाटलेल्या वेलबुट्टीची सर्वत्र वाहवा झाली.

धन होते, कीर्ती होती. परंतु संसारात मनासारखे सुख त्यांना लाभले नाही. अशा वेळी, १८६८ साली, आइसलँडचे विद्वान एरिकर माग्नुसन यांच्याशी त्यांची गाठ पडली. चौतिसाव्या वर्षी मॉरिस यांनी नव्या विद्यार्थ्याच्या उत्साहाने त्यांच्यापाशी आइसलँडची भाषा शिकण्यास आरंभ केला.

त्या भाषेत उत्तर युरोपातील प्राचीन पुराणकथा जतन झाल्या आहेत. त्यांतील देवसुद्धा अमर नाहीत. अंतिम महायुद्धात आपला विनाश होणार, हे ओडिन या देवाधिदेवास ठाऊक असते. तरीही तो रणांगणाकडे पाठ फिरवीत नाही. पराभव समोर दिसत असताही कर्तव्य न सोडणारे हे धैर्य मॉरिस यांच्या दुःखी मनास मोठा आधार देऊन गेले. माग्नुसन यांच्या सहकार्याने त्यांनी अनेक कथांची भाषांतरे केली. १८७१ व १८७३ साली त्यांनी आइसलँडचा प्रवास केला. लाव्हारसाच्या ओसाड माळांवरून घोड्यावर बसून जाताना त्यांनी तेथील गरीब, परंतु स्वाभिमानी लोक पाहिले. दारिद्र्याहूनही माणसामाणसांतील विषमता अधिक वाईट, हा धडा त्यांना तेथे मिळाला. पुढे ते कामगारांच्या चळवळीत सामील झाले.

याच संस्कारांतून त्यांच्या अद्भुतरम्य प्रेमकथा जन्मास आल्या. १८८९ सालच्या 'द हाउस ऑफ द वुल्फिंग्ज' या कादंबरीचा नायक थिओडॉल्फ रोमन सैन्याशी लढणाऱ्या आपल्या लोकांचा सेनानी आहे. देवकुळातील एका स्त्रीचे त्याच्यावर प्रेम असते. त्याचा मृत्यू जवळ आल्याचे जाणून ती त्याला खुज्या कारागिरांनी घडविलेले एक मंतरलेले चिलखत देते. ते घालणाऱ्याचे प्राण वाचतात; परंतु ऐन युद्धात त्याला मूर्च्छा येते आणि त्याच्या लोकांवर संकट ओढवते. हे रहस्य कळताच थिओडॉल्फ ते चिलखत उतरवितो, लोकांना विजय मिळवून देतो आणि स्वतः वीरगतीस प्राप्त होतो. त्याच्या प्रियेचे प्रेम खोटे नव्हते; परंतु ज्या प्रेमापायी आपल्या माणसांचा घात होईल, त्याचा आश्रय त्या वीराने घेतला नाही.

यानंतरही मॉरिस यांनी अशा अनेक कथा लिहिल्या. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. केल्मस्कॉट या खेड्यात एका साध्या शेतगाडीतून त्यांची अंत्ययात्रा निघाली.

१९१४ साली ऑक्सफर्डच्या एका तरुण विद्यार्थ्याने पारितोषिकाच्या रकमेतून मॉरिस यांची पुस्तके विकत घेतली. त्यांत थिओडॉल्फची कथाही होती. तो विद्यार्थी म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या विख्यात कादंबरीचे कर्ते टॉल्किन होत. मॉरिस यांनी दुःखाच्या दिवसांत लावलेला दीप अशा रीतीने पुढच्या पिढीच्या हाती गेला. स्वतःचे दुःख कवटाळून न बसता त्यातून इतरांना धैर्य देणारे काही निर्माण करणे, यातच मॉरिस यांचे थोरपण आहे.