कोंबडीची गाठ आणि पेटन राउस

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत छातीवर मोठी गाठ असलेली एक कोंबडी आणण्यात आली. ती तपासणारे डॉ. पेटन राउस तेव्हा तिशीत होते. त्यांचा जन्म १८७९ साली बाल्टिमोरचा. वैद्यकीय शिक्षण घेताना शवविच्छेदनात बोटाला जखम होऊन त्यांना क्षयाची लागण झाली होती. वर्षभर टेक्सासमधील गुराढोरांच्या मळ्यावर राहून ते बरे झाले.

राउस यांनी गाठ वाटली, तिचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. गाळलेल्या रसात पेशी नव्हत्या, तरीही कोंबड्यांना कर्करोग झाला. १९११ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पण कर्करोग विषाणूमुळे होतो हे बहुतेकांना पटले नाही. काही वर्षांनी राउस यांनी हे काम सोडले आणि ते रक्त टिकवण्याकडे वळले. १९१६ मध्ये त्यांनी व टर्नर यांनी तयार केलेले सायट्रेट आणि साखरेचे द्रावण पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रक्त देण्यासाठी वापरले गेले.

१९६६ मध्ये, शोधानंतर तब्बल ५५ वर्षांनी, त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. फेब्रुवारी १९७० मध्ये ते गेले. त्यानंतर काही महिन्यांतच टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की असे विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए घडवतात. हेच रेट्रोव्हायरस. एचआयव्ही त्याच कुळातला.

राउस यांच्या विषाणूतील आरएनए गरम केला, की त्याचे दोन सारखे धागे सुटे होतात, हेही पुढे कळले. प्रत्येक कणात जनुकसंचाच्या दोन प्रती असतात. एचआयव्हीत त्या कशा जुळतात, हे आता बरेच उलगडले आहे. धागा एका टोकाजवळ स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा वळसा घेतो. वळशाच्या माथ्यावर सहा अक्षरे अशी असतात, की ती दुसऱ्या प्रतीच्या तशाच अक्षरांशी नेमकी जुळतात. आधी वळसे एकमेकांना भिडतात, मग पकड घट्ट होते.

ही जोडी विषाणूच्या फार कामाची. एक प्रत तुटली, तर दुसरीवरून नक्कल पुढे चालते. दोन प्रती वेगळ्या असल्या, तर नवे मिश्रण तयार होते आणि औषधांना दाद न देणारा विषाणू उपजू शकतो. म्हणूनच ही जुळणी मोडता येईल का, याचा शोध संशोधक घेत आहेत. त्या वाटेची सुरुवात राउस यांच्या गाळणीपाशी होते.