वाळवंटाशी नाते जडलेला वैमानिक

इंजिनात बिघाड होऊन एक विमान सहारा वाळवंटात उतरते आणि तिथे वैमानिकाला छोटा राजपुत्र भेटतो. ‘द लिटल प्रिन्स’ या १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हा प्रारंभ निव्वळ कल्पनेतून आलेला नव्हता. त्याचे लेखक आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी हे व्यवसायाने वैमानिक होते.

२९ जून १९०० रोजी फ्रान्समधील लिऑं येथे त्यांचा जन्म झाला. लष्करी सेवेत असताना ते विमान चालविण्यास शिकले. १९२६ मध्ये तुलूझच्या लातेकोएर कंपनीत दाखल होऊन ते आफ्रिकेकडे टपाल नेऊ लागले. ब्रेगे-१४ हे पहिल्या महायुद्धातील एका इंजिनाचे विमान त्यासाठी वापरले जाई. वाटेत इंजिन बंद पडले, की वैमानिकाच्या हाती उरे ती केवळ शिल्लक उंची. तेवढ्या अवधीत वाऱ्याचा रोख पाहून, टणक जमीन हेरून विमान उतरवावे लागे. सुखरूप उतरल्यावरही संकट टळत नसे. वाळवंटी टोळ्या वैमानिकांना खंडणीसाठी पकडत. १९२६ मध्ये काहींचे प्राणही गेले. म्हणून सहारावरून दोन विमाने जोडीने जात. एक खाली उतरले, तर दुसऱ्याने सोबत्याला उचलून आणावे, असा शिरस्ता होता.

१९२७ मध्ये कॅप जुबी येथील एकाकी तळाची सूत्रे सेंत-एक्झ्युपेरी यांच्याकडे आली. टोळ्यांशी सलोखा राखणे आणि अडकलेल्या वैमानिकांची सुटका करणे हे त्यांचे तेथील मुख्य काम ठरले.

पुढे त्यांच्यावरच तो प्रसंग ओढवला. डिसेंबर १९३५ मध्ये पॅरिस-सायगाव विक्रमाच्या प्रयत्नात रात्री ढगांमुळे उंचीचा अंदाज चुकला आणि विमान लिबियन वाळवंटात आदळले. या वेळी दोष इंजिनाचा नव्हता. ते आणि यंत्रज्ञ आंद्रे प्रेव्हो पाण्यावाचून दिवसेंदिवस भटकले. अखेर एका बदाउनी माणसाने पाणी पाजून त्यांना वाचविले. यंत्र दगा देते तेव्हा माणसाला माणूसच तारतो, हा या अनुभवाचा अर्थ त्यांच्या लेखनात वारंवार उमटला.

३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून टेहळणीसाठी निघालेले त्यांचे विमान परतलेच नाही. २००० मध्ये मार्सेलजवळच्या समुद्रात त्याचे अवशेष आढळले आणि २००४ मध्ये ओळख पटली. सोबत्यांना शोधून आणणाऱ्या या वैमानिकाचा माग लागण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला.