दादू इंदुरीकर : सोंगाड्याची अलिखित संहिता

तळेगाव दाभाडे आणि चाकण यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीकाठी, इंदुरी हे गाव आहे. आज हा सारा टापू भोसरी-चाकणच्या कारखानदारीच्या कक्षेत आला असला, तरी दादू इंदुरीकरांच्या उमेदीच्या काळात तो जत्रायात्रांचा आणि बैलगाडा शर्यतींचा मुलूख होता. दादूंचे मूळ नाव गजानन राघू सरोदे. खेडकर, नारायणगावकर, कवलापूरकर या तमासगिरांप्रमाणे त्यांनीही गावाचे नाव आडनाव म्हणून मिरविले. याच नदीच्या काठी थोडे खाली देहू आहे. एकाच पंचक्रोशीने कीर्तनाचा आणि तमाशाचा श्रोता घडविला, ही बाब अभ्यासकांनी अद्याप पुरेशी विचारात घेतलेली नाही.

दादूंची कीर्ती प्रामुख्याने हरिभाऊ वडगावकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगावर उभी आहे. इंद्राच्या शापाने गाढवाचा जन्म लाभलेला गंधर्व आणि त्याचे राजकन्येशी लग्न, असे याचे कथानक. परंतु दादूंनी साकारलेला सावळ्या कुंभार आणि प्रभा शिवणेकरांची गंगी या जोडीमुळे वगाचा गुरुत्वमध्यच बदलला. इंद्रसभा, शाप, राजवाडा हे सारे निमित्तमात्र उरले आणि दारिद्र्यात नांदणाऱ्या नवराबायकोचा संसार केंद्रस्थानी आला. सावळ्याचा विनोद शाब्दिक कोट्यांपुरता नाही. बायकोपुढे नमणारा, राजापुढे मात्र भाबडेपणाच्या आडून सत्तेची फजिती करणारा असा हा नवरा आहे. तमासगिराच्या स्वतःच्या संसाराची ओढाताण या चित्रणामागे असावी, असे अनुमान करता येते. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत फड गावोगाव फिरे. घर म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. अशा कलावंताने रात्रीमागून रात्री घरगुती भांडण रंगवून प्रेक्षकांना हसवावे, यात एक करुण विसंगती आहे.

येथे संहितेचा प्रश्न उपस्थित होतो. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. ती उठली ती दत्तो वामन पोतदार यांच्या समितीनंतर, आणि वग लिहून तपासून घेण्याचे बंधन घेऊनच. सोंगाड्याचे सामर्थ्य मात्र बतावणीतील हजरजबाबीपणात, समोरच्या गावाचा, त्या दिवसाच्या घटनेचा तात्काळ उपयोग करण्यात असते. कागदावर मंजूर झालेला वग आणि बोर्डावर उभा राहिलेला वग यांत जे अंतर पडे, ते अंतर हेच दादूंचे कर्तृत्व होय. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता वाङ्मयेतिहासात स्थिरावली. ‘गाढवाचं लग्न’मध्ये दादूंनी घातलेली भर कोणाच्या नावावर मांडायची, हे मात्र आपल्या वाङ्मयेतिहासकारांना ठरविता आलेले नाही. लेखक वडगावकर आहेत, यात शंका नाही. पण नटाला केवळ सादरकर्ता म्हणणे येथे अपुरे पडते.

१९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीने दादूंना पुरस्कार दिला. १९८० साली त्यांचे निधन झाले. पुढे मोहन जोशी आणि सविता मालपेकर यांनी हे वगनाट्य नाट्यगृहांत नेले, तर २००७ मध्ये मकरंद अनासपुरे चित्रपटात सावळ्या झाले. या आविष्कारांत कथा टिकली आहे, गंगीचे फटकारेही आहेत. दादूंची जत्रेगणिक बदलणारी वाक्ये मात्र कोणी उतरवून घेतली नव्हती.