सेनापती बापट आणि आपली मुळशी

आपल्या मुळशी तालुक्यात सेनापती बापटांचं नाव ऐकलं नाही असा माणूस विरळाच. पण हा माणूस मुळात इंजिनिअर व्हायला निघाला होता, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजात शिकून, शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते एडिंबरोला यंत्रविद्या शिकायला गेले. तिथे त्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचे इंडिया हाऊस, पॅरिसला बाँबची विद्या आणि १९०८ साली मायदेशी परत. पुढे काही वर्षे भूमिगत काढली, १९१२ साली अटक झाली, सुटले.

आम्हाला मात्र यानंतरचे बापट जास्त जवळचे वाटतात. विलायत पाहिलेला हा ब्राह्मण पारनेरात हाती झाडू घेऊन रस्ते झाडी, शौचकूप साफ करी, महारांच्या मुलांना शिकवी. १९१४ साली मुलाच्या बारशाला पहिली पंगत बसवली ती अस्पृश्य मानलेल्या समाजाची. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला तेव्हा तेरा वर्षे होती! पुढे मुंबईत झाडूवाल्यांच्या संपातही ते पुढे होते.

आता आपल्या मुळशीकडे येऊ. नीला-मुळेच्या संगमाजवळ टाटा कंपनीला धरण हवे होते. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडायचे आणि वीज मुंबईला न्यायची. त्यापायी सुमारे पन्नास गावांवर गदा आली. १९२१ च्या रामनवमीला मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. चळवळीची धुरा बापटांनी उचलली आणि इथेच ते सेनापती झाले. यंत्रविद्या शिकायला गेलेला माणूस यंत्राच्या आड आला याचं नवल वाटतं खरं. पण त्यांचं भांडण यंत्राशी नव्हतंच. शेतकऱ्याला न विचारता त्याची जमीन घेण्याशी होतं.

चळवळ मोडली ती नुसत्या लाठीने नव्हे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना नुकसानभरपाई हवी होती. कसणाऱ्याला जमीन हवी होती. ज्याचं नाव कागदावर नाही, त्याच्या हाती काय लागणार? ते कुणी विचारलंच नाही.

सगळे थंडावल्यावर, डिसेंबर १९२४ मध्ये, बापटांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. बरोबर शस्त्रे होती, माणसे जखमी झाली. हे आम्हाला पटत नाही. पण ते पळाले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून १९३१ साली सुटले. तोवर धरण बांधून झाले होते, गावे पाण्याखाली गेली होती.

नंतर काँग्रेस, फॉरवर्ड ब्लॉक, गोवा मुक्तीचा लढा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ असं त्यांचं राजकारण चालूच राहिलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. पुण्यात आणि मुंबईत मोठमोठ्या रस्त्यांना त्यांचं नाव आहे.