चवदार तळ्याच्या खटल्यातले बाबासाहेब

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या समाजात शाळकरी पोरांनाही पाठ असते. १७ मार्च १९३७ मात्र फारशी कुणाला आठवत नाही. पहिल्या दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दुसऱ्या दिवशी मुंबई हायकोर्टात त्या पाण्यावरचा आपला हक्क टिकला. मधली दहा वर्षे महामानवाने प्रतिवादी म्हणून काढली.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबईत वकिली करू लागले. जातीमुळे सॉलिसिटर काम देत नसत. संसाराला हातभार म्हणून ते बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवत.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात सवर्णांनी दावा लावला, तळे खासगी असल्याचा दावा करून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. दाव्याचे पहिले प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली, हजारो माणसे पाण्यासाठी जमली होती. बाबासाहेबांनी त्यांना कोर्टाचा हुकूम मोडू दिला नाही. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली, पाण्याला कुणी हात लावला नाही. अपमान गिळून आलेल्या माणसांना पाण्याच्या काठावरून माघारी नेणे किती जड गेले असेल!

खटला महाड, मग ठाणे, मग हायकोर्ट असा चालत राहिला. याच काळात, २ मार्च १९३० पासून, नाशिकला दादासाहेब गायकवाडांच्या साथीने काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा राहिला. रामकुंडावरून निघालेली गोदावरी पुढे आपल्या सायखेड्याच्या काठाने वाहते. तिला कुणाचा विटाळ होत नाही, पण कुंडावर आपल्याला मज्जाव होता. मंदिराचे दार काही उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

हायकोर्टात न्या. ब्रूमफिल्ड यांच्यासमोर निकाल आपल्या बाजूने लागला, तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. पण त्या निकालाचे कारण नीट वाचायला हवे. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची चाल आठवणीपलीकडच्या काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. ती चाल अन्यायाची आहे म्हणून नव्हे. पुरावा भक्कम असता तर? माझ्या मते संविधानातली काही कलमे या प्रश्नाचे उत्तर आहेत. कलम १३ मध्ये कायद्याच्या व्याख्येत रूढीही येते, आणि मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी रद्द ठरते. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट नाव घेऊन लिहिले आहेत. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली.

त्यांची नजर देशाबाहेरही होती. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत हे कळताच १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांचाही तसाच विचार चालला होता. मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिसला १० डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झाला, पण त्याने कुणाच्या हातात कोर्ट दिले नाही. हेगचे आंतरराष्ट्रीय न्यायालय आजही देशादेशांतले तंटे ऐकते, एकट्यादुकट्या माणसाचे नाही. त्याच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला, संविधान सभेत आजच्या कलम ३२ वर चर्चा झाली. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हा अधिकार बाबासाहेबांनी साऱ्या संविधानाचा प्राण मानला. दहा वर्षे तीन कोर्टांत हेलपाटे घातलेला माणूस बोलत होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. महाडच्या निकालाला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती.